कीड लागली की ये

"लागली!" आर्डिस शेतातून जवळजवळ धावतच स्वयंपाकघरात आली. हातात मक्याचं पान, पानावर आडवी ओळ धरून पाच-सहा भोकं. "मर्ल, बघ, कीड लागली!"

मर्लनं मान वर केली नाही. यंदा त्याचं अंग फार उतरलं होतं. पट्ट्याला कालच पाडलेल्या नव्या भोकात तो आकडा अडकवत होता. "कडेच्या साध्या मक्यातलं असेल. तो अळ्यांना खायलाच तर पेरतो आपण, बियाणेवाल्यांचा नियमच आहे तसा. तो धरायचा नाही."

"कडेचं नाही. आतलं. लोवेलच्या बियाण्यातलं."

लोवेल त्यांचा एकुलता एक. पान कुरतडलं की अळीच मरावी, असलं बियाणं करणाऱ्यांकडे तो नोकरीला गेला, तेव्हा बापलेकांचं कडाक्याचं वाजलं. "तुझ्या बियाण्याला कीड लागली की ये. तोवर या फाटकात पाऊल टाकू नकोस," असं मर्ल बोलून गेला.

पुढे नेब्रास्कातल्या त्या मुलखात सगळेच ते बियाणं पेरू लागले. मर्लनंही पेरलं. मका दरवर्षी असा निकोप यायचा, की बघत राहावं. आर्डिस मात्र रोज सकाळी पानं उलटून बघायची. एक तरी भोक सापडू दे.

"बोलवू त्याला?"

"कशाला? येऊन अक्कल शिकवेल." मर्ल उठला. "बोलव हवं तर. हरलास म्हणावं."

शनिवारी लोवेल आला. बापाकडे न बघता मक्यात शिरला. पान त्यानं उन्हासमोर धरलं. गालावर उन्हाचे ठिपके पडले, सगळे एकसारखे. मग त्यानं भोकांच्या ओळीवरून बोट फिरवलं.

"ओळखलीस का रे अळी?" आर्डिसचा जीव टांगणीला लागला होता.

"ओळखली." त्यानं पान जपून खिशात ठेवलं. "जुनी जात आहे, आई. भारी हट्टी. दर शनिवारी येऊन बघावं लागेल."

"घालव पेट्रोल फुकट," मर्ल दुसरीकडे बघत पुटपुटला. जेवताना बटाट्यांचं भांडं मात्र त्यानंच लेकाकडे सरकवलं.

लोवेलची गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली. आर्डिसनं मर्लची पँट धुवायला घेतली आणि सवयीनं खिसे उलटे केले. आधी भोकं पाडायचा चिमटा पडला. मग त्याच्यामागून, मक्याच्या पानाच्या गोल गोल हिरव्या टिकल्या.