फळीवरचा डबा

रेवती यवतेश्वरचा घाट धावून घरी आली. तिच्या दंडावर बांधलेल्या यंत्राच्या पट्टीतून प्रत्येक धाव अंथरुणाला खिळलेल्या आईच्या स्नायूंत उतरायची. त्या स्नायूंनी चरबी जाळायला शिकावं आणि आईच्या पायांत बळ यावं, म्हणून रेवती वर्षभर उपाशीपोटी धावत होती. आज मात्र आईच्या उशाशी ठेवलेलं मीटर नुसती साखर जळल्याचं दाखवत होतं.

“आई, माझ्या जॅकेटच्या खिशात लाडू तूच ठेवलास ना? घाटात राहवेना, खाल्ला मी. सगळी मेहनत पाण्यात गेली बघ!”

“जाऊ दे गं. माझ्यापायी रोज उपाशी धावतेस, जिवाला लागतं माझ्या.”

रेवती तणतणत स्वयंपाकघरात गेली आणि थबकली. घरात त्या दोघीच होत्या, आणि लाडवांचा डबा तर वरच्या फळीवर होता.