इशबेलचा ठिपका

स्कॉटलंडच्या गोल्फ अजिंक्यपद स्पर्धेत वर्षानुवर्षं दुसराच येणारा रॉडी अखेर जिंकला. शेवटच्या होलला बॅगेतून न बघताच काढून मारलेला नवा चेंडू वाऱ्याने उंच गवतात नेला होता. तिथूनच त्याने तो थेट होलमध्ये घातला. टाळ्यांच्या गजरात त्याने चेंडू उचलून फिरवून पाहिला. चेंडूवर लाल ठिपका नव्हता! खुणेसाठी प्रत्येक चेंडूवर त्याची बायको इशबेल नेलपॉलिशचा ठिपका द्यायची; हल्ली ती बरंच विसरायची, पण ठिपके कधीच नाही. म्हणजे गवतातून मारलेला चेंडू भलत्याचाच! “कोण बघतंय, दाजी? ताईसाठी तरी टाका खिशात,” बॅग वाहणारा मेव्हणा कुजबुजला. “तिच्या ठिपक्याशी बेइमानी करू?” रॉडीने पंचांना सांगितलं आणि चुकीच्या चेंडूचा दंड बसून पुन्हा दुसराच ठरला. घरी इशबेल दारातच उभी. “सगळ्यांना ठिपके दिलेत हं, एकही विसरले नाही.” हातातल्या टोपलीतल्या प्रत्येक अंड्यावर लाल ठिपका होता.