नकाशावर नसलेली विहीर

"आजी, इथे विहीर नाही," असं म्हणत नगररचना खात्याच्या रेवाळेंनी त्याच विहिरीच्या पाण्याचा दुसरा तांब्या संपवला. वाढत्या शहरातली जलसंपदा आता उपग्रह रोज मोजत होता. त्याला दिसलं नाही ते नकाशावर नव्हतं. मागे भरावाचा डंपर उभा होता.

"विहिरीवर हे झाकण तुमच्याच खात्यानं बसवायला लावलं ना रे, मेल्या?" अनसूयाबाई म्हणाल्या. "चाळीस घरं हिचं पाणी पितात."

"मग काढा झाकण. चारला उपग्रह येईल."

पाण्याला आलेल्या चौघींनी लोखंडी झाकण ओढून काढलं. चारला रेवाळेंच्या फोनवर नवी नोंद आली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली. "उघडा खड्डा. धोकादायक. त्वरित बुजवावा."

त्यांनी डंपरवाल्याला हात केला आणि तांब्या अनसूयाबाईंपुढे धरला. "तेवढा भरून द्या. गार आहे हो पाणी."