भावाचा उपास

"सकाळपासून काय खाल्लंय?" रक्तपेढीतल्या सिस्टरने विचारले.

"काय न्हाई. आज भावाचा उपास हाय."

सिस्टरने हातातली रबरी नळी खाली ठेवली. उद्या नागपंचमी. आदल्या दिवशी बायका भावाच्या आयुष्यासाठी उपाशी राहतात, हे सांगलीत कोणाला सांगावे लागत नाही.

"केळं, साबुदाणा तरी?"

"कडक धरलाय. नुसत्या पाण्यावर."

"मग जमणार नाही, मावशी. उपाशी माणसाचं रक्त आम्ही घेत नाही. खाली जाऊन चहा-बिस्कीट खा आणि तासाभरानं या."

"उपास मोडायला लावू नगा, बाई. उपाशी भांगलण करती मी दिवसभर. मला काय हुतंय?"

"कमाल आहे तुमची! भाऊ जगावा म्हणून उपास, आणि उपासापायी भावालाच रक्त नाही."

शालूबाईने पोलक्याची बाही आणखी वर सारली आणि हात टेबलावर तसाच ठेवला.

वरच्या मजल्यावर सयाजीला रक्ताच्या उलट्या होत होत्या. दोन बाटल्या आजच चढवल्या पाहिजेत, असे डॉक्टर म्हणाले होते. बदल्यात कोणीतरी रक्त द्यायला हवे होते. सयाजीच्या घरच्यांनी येणार नाही म्हणून कळवले. त्याने मग एकच नाव सांगितले, आष्ट्याच्या बहिणीचे.

सख्खी नव्हती ती. शालूबाईला भाऊच नव्हता. सयाजी तिच्या माहेरचा, शिराळ्याकडचा. कामासाठी आष्ट्याला आला तेव्हा माहेरचा माणूस म्हणून तिने त्याला जेवायला वाढले, पुढच्या पुनवेला राखी बांधली. तिचा सुहास त्याला मामा म्हणायचा.

दारातून एका पोलिसाने डोके आत घातले. "सिस्टर, बाटलीचं काय झालं? डॉक्टर वरडाय लागल्यात. कैदी हातचा गेला तर मलाच कागद रंगवाय लागत्यात."

"कैदी?" सिस्टरने विचारले.

"जन्मठेपेचा हाय. खाटंला बेडी घालून ठिवलाय. त्येची भन येणार व्हती, ती ह्या व्हय?" तो आत आला, शालूबाईकडे बघितले आणि जागीच थांबला. कोर्टात बंदोबस्ताला तोच होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

"तुमी?" मग तो सिस्टरकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "ह्यांच्याच पोराला मारलंय त्येनं."



पाच वर्षांपूर्वी नागपंचमीलाच सयाजी घरी आला होता. शिराळ्याचे नाग दाखवतो म्हणाला. सहा वर्षांचा सुहास मामाचे बोट धरून एस्टीत चढला. तिसऱ्या दिवशी, पोर हवे असेल तर पैसे द्या, असा निरोप आला. बाळासो, सुहासचा बाप, बैलजोडी विकायला बाजारात उभा होता, तोवर तिकडे सगळे संपले होते. मारल्याचे सयाजीने कोर्टात कबूल केले. कुठे पुरले, ते सांगितले नाही. पोलिसांना त्याने आधी वारणेचा काठ दाखवला, मग उसाचे रान, मग डोंगरातली घळ. तिन्ही जागा खणल्या. एक चप्पल मिळाली.

"मावशी," सिस्टर सावकाश म्हणाली, "तुम्हाला कोणी जबरदस्ती केली का? नाही दिलंत तरी कोणी काही म्हणणार नाही."

"न्हाई. माजी मी आली."

तेवढ्यात बाळासो आला. पायाला रानातला चिखल तसाच होता. बायको सांगलीला गेल्याचे शेजाऱ्यांनी बांधावर येऊन सांगितले, तसा तो निघाला होता.

"ऊठ. घरला चल."

ती उठली नाही.

"पाच वर्सं ह्या दिसाची वाट बगतोय मी. तडफडून मरू दे त्येला. आन् तू त्येचा उपास धरतीस? त्येचा? गावात त्वांड कुठं दाखवू मी?"

"वरडू नगा. दवाखाना हाय ह्यो."

"त्येला भाऊ म्हनताना जीभ कशी झडंना तुजी?"

शालूबाईने टेबलावरचा हात उचलला नाही. ती नवऱ्याकडे बघून बोलली. आवाज चढला नव्हता.

"भाऊ न्हाई त्यो माजा. पर आवं, आपला सुहास कुठं हाय, ते त्या एकट्यालाच ठावं हाय. त्यो मेला तर कुनाला इचारायचं?"



"पाच वर्सांत न्हाई सांगितलं त्येनं," बाळासो म्हणाला.

"न्हाई सांगितलं. उद्या सांगंल. न्हाईतर परवा. जित्ता असला तर कवा तरी सांगंल की."

पोलीस खिडकीबाहेर बघत होता. सिस्टरने डोळे पुसले आणि शालूबाईचा हात हळूच टेबलावरून उचलून तिच्या मांडीवर ठेवला. "तरी मला तुमचं घेता येणार नाही हो, मावशी."

बाळासोने भिंतीजवळचे स्टूल पुढे ओढले. त्यावर बसून त्याने सदऱ्याची बाही दंडापर्यंत दुमडली.

"मी जेवून आलोय, सिस्टर," तो म्हणाला.