फाटकाआधीची पाटी

इंजिनावरून निवृत्त झालो, आता भंडाऱ्यात शेजारच्या दामिनीला कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायला शिकवतो. खेळातला मार्ग परदेशातला, सगळा बर्फाचा.

आज त्या बर्फात आपली पिवळी पाटी आली, ‘सी/फा’.

“काका, हे काय जी?”

“पुढे फाटक आहे. भोंगा वाजव.”

तिनं कळ दाबली. इतका वेळ वाजणारा भोंगा वाजला नाही.

बारा वर्षांपूर्वी अशाच पाटीजवळ मी भोंगा वाजवला नव्हता. चौकशीत मात्र ‘वाजवला’ असं लिहून दिलं आणि दोष माझ्या गाडीखाली मेलेल्या बाईवर गेला.

“काका, रुळावर बाई उभी आहे. हिरव्या लुगड्यातली.”

मी मान खाली घातली.

“गाडीकडे पाहतच नाही जी ते. तुमच्याकडे पाहून राहिली.”