फम्बल की मफ

"फम्बल? कोण म्हणतं फम्बल?" व्हर्ना क्रेनेकने पंचांच्या खोलीचे दार ठोठावलेही नाही.

पंच प्रुइट बुटांच्या नाड्या सोडत होते. बाहेर टेक्ससच्या दुपारी हरलेले गाव मुकाट्याने आपापल्या पिकअपकडे निघाले होते. अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला, प्रतिस्पर्ध्यांची उंच किक झेलताना, डिलन ह्रुस्काच्या हातून चेंडू निसटला. पाहुण्या संघाने तो उचलला, गोलरेषेपार धावत टचडाउनचे गुण मिळवले आणि गावच्या संघाचा मोसम संपला.

"तीस वर्षं या शाळेच्या सामन्यांचे आकडे लिहितेय मी," व्हर्ना कडाडली. "हातात धरलेला सुटला तर फम्बल, तो उचलून पळता येतं. हातात आलाच नाही, नुसता बोटांना लागून उडाला, तर मफ. त्यांनी उचलला की खेळ तिथंच थांबतो. मग टचडाउन दिलंत कसं? सतरा वर्षांच्या पोराच्या गळ्यात हे बांधताना काहीच वाटलं नाही?"

"सामना संपलाय, व्हर्नाबाई. निकाल आता बदलत नसतो."

"निकाल घाला चुलीत! वही माझी आहे. मी मफच लिहिणार."

रविवारच्या वर्तमानपत्रात तिचीच वही छापली जाई. पशुखाद्याच्या दुकानातल्या बाकावरचे म्हातारे चाळीस वर्षांपूर्वीचे फम्बल अजून नावानिशी, हसत सांगत. त्या हसण्यात या मुलाचे आयुष्य जाऊ द्यायचे नाही, असे तिने ठरवले होते.

डिलन बोळातल्या भिंतीला टेकून उभा होता, अजून चिखलाच्या जर्सीतच.

"मान वर कर. मफ लिहितेय मी. चेंडू तुझा झालाच नव्हता, तर तू घालवलास कसा?"

"झाला होता, बाई." त्याने बाहीने तोंड पुसले. "छातीशी धरून दोन पावलं पळालो मी. मग सुटला. फम्बलच लिहा."

"काहीतरीच काय! या डोळ्यांनी पाहिलंय मी."

तिने तावातावाने वही उघडली. किक कुठल्या रेषेवरून निघाली, ते तिथे नेहमीच्या वळणदार अक्षरांत, सावकाश लिहिलेले होते. पुढची जागा कोरी. गाव कण्हले तेव्हा तिने वर पाहिले होते, आणि चेंडू गवतावर होता.

चेंडू खाली येत असताना, त्या सबंध मैदानात, एकट्या तिचीच मान वहीत होती.