आपल्या वस्तीतला माणूस

तो माणूस सिनेमांच्या कपाटासमोर बराच वेळ उभा होता. पांढरा शर्ट, बाह्यांना सुरीसारखी इस्त्रीची घडी, बगलेत चामड्याची बॅग. डीव्हीडीची एकेक डबी काढून तो तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी वाचायचा आणि डबी होती तिथे ठेवून द्यायचा.

वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी काय ते ओळखलं. मुख्य कार्यालयाचं पत्र सोमवारीच आलं होतं. सिनेमांचं कपाट कोणी वापरत नसेल तर सगळा माल भंगारात काढू, शुक्रवारी आमचा माणूस पाहणीला येईल. आज शुक्रवार होता.

चिठ्ठ्या बाईंच्याच हातच्या होत्या. नावाजलेले सिनेमे लोक घरी फोनवर बघत. या कपाटात उरले होते ते कोणी नावही न ऐकलेले, आणि बाईंचा जीव नेमका त्यांच्यावर. म्हणून प्रत्येक डबीवर त्या शिफारस लिहून ठेवत. 'पहिली वीस मिनिटं काही घडत नाही, तेवढी सोसा.' 'नायक दिसायला यथातथा, पण माणूस सोन्यासारखा.' 'नवरा-बायकोने एकत्र बघू नये.' या शेवटच्याला थोडीफार मागणी होती.

ज्यांच्या घरी डीव्हीडी लावायचं यंत्र नाही त्यांच्यासाठी कोपऱ्यात टीव्ही आणि दोन खुर्च्या होत्या. त्यांवर धूळ बसायची.

एक सिनेमा मात्र बाईंना फार आवडायचा. एका बंदरावर तिकिटं फाडणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट. बाईंनी तो चारदा पाहिला होता, बाकी कोणी एकदाही नाही. आठ महिन्यांपूर्वी वैतागून त्यांनी जुनी चिठ्ठी काढली आणि नवी लावली: 'यात आपल्या वस्तीतला एक माणूस आहे. ओळखा पाहू.'

धादांत खोटं. सिनेमा साता समुद्रापलीकडचा. आपल्या वस्तीतलं कुत्रंसुद्धा त्यात असायचं कारण नव्हतं.

माणूस आता तीच डबी हातात घेऊन टेबलाशी आला.

"ही चिठ्ठी कोणी लिहिली?"

"मीच," बाई म्हणाल्या. तो पुढे काही बोलणार तेवढ्यात त्यांनी त्याला खुर्ची दिली आणि स्वतःच सुरुवात केली. बचाव त्यांनी सकाळपासून घोकून ठेवला होता, पण त्या कडक बाह्या बघून सगळं विसरलं आणि खरं तेच तोंडातून आलं. या डबीच्या कागदावर सिनेमा नेल्याच्या तारखांचे एकसष्ट शिक्के आहेत, आणि ते सगळे एका थापेवर पडलेत. मात्र या सिनेमासाठी आलेली माणसं बाकीच्या चिठ्ठ्याही वाचू लागली, आणि कपाटातले कितीतरी सिनेमे पहिल्यांदा कोणाच्या तरी घरी गेले, हेही खरं.

"मग सापडला का कोणाला?" माणसाने विचारलं.

न सापडून सांगतो कोणाला, असं बाईंच्या मनात आलं. त्यांनी सांगितलं, न्हाव्याला तर त्यात तो स्वतःच दिसला होता, तरुणपणीचा. नळदुरुस्तीवाल्याच्या बायकोला प्रेत म्हणून झोपलेली बाई हुबेहूब आपली जाऊ वाटली, आणि तिने सिनेमा दोनदा पाहिला. हे ऐकून माणूस हसला. बाईंना जरा धीर आला. मग त्यांचा आवाज उतरला.

समोरच्या इस्त्रीवाल्या मावशींचं त्यांनी सांगितलं. मावशींचा एकुलता एक मुलगा नऊ वर्षांपूर्वी भांडून घर सोडून गेला. एकमेकांचे नंबर दोघांकडे होते, पण आधी कोणी फिरवायचा यातच नऊ वर्षं गेली. दोघंही हट्टी. मावशींनी कोपऱ्यातल्या टीव्हीवर सिनेमा लावला आणि पुलावरच्या गर्दीत निळं जाकीट घातलेला एक तरुण क्षणभर वळून बघतो, तिथे चित्र थांबवलं. "हा माझा," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून दर मंगळवारी त्या इस्त्री गार करून यायच्या, तेवढा तुकडा बघायच्या आणि जायच्या. मुलखाच्या वेंधळ्या. सभासद-कार्डसुद्धा एकदा त्यांनी खिशासकट इस्त्रीखाली घातलं होतं, त्याचा कोपरा करपला होता. या मंगळवारी मात्र त्या आल्या नाहीत, आणि तेव्हापासून बाईंना चैन नव्हतं.

"साहेब, माझ्यावर काय ठपका ठेवायचा तो ठेवा," बाई म्हणाल्या. "कपाट न्या. पण चिठ्ठी खोटी आहे, हे मावशींच्या कानावर जाऊ देऊ नका. मी चार महिने सांगेन सांगेन म्हणते, पण त्यांचं तोंड बघून मला सांगवत नाही."

माणसाने डबीवरची चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

"आई स्वतःचं पोर ओळखायला चुकेल?" त्याने हळूच विचारलं.

"आस लागली की माणसाला काहीही दिसतं," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि परक्या माणसासमोर भरून आले याचा त्यांना रागही आला.

माणसाने डबी पुढे सरकवली. हा सिनेमा त्याला घरी न्यायचा होता.

बाईंनी डोळे पुसले. इतकं सगळं कबूल केल्यावर निदान एक नियम तरी पाळावा, असं त्यांना वाटलं. मुख्य कार्यालयातले असलात तरी सभासद-कार्डाशिवाय सिनेमा मिळणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

त्याने बॅग उघडली आणि एक कार्ड टेबलावर ठेवलं. त्याचा कोपरा करपलेला होता.

"मी कार्यालयातला नाही हो," तो म्हणाला. "या मंगळवारी आईचा फोन आला, सिनेमातला तो तूच ना, म्हणून. मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण नऊ वर्षांनी फोन करायचा म्हणजे काहीतरी निमित्त नको का?"